घराखालची चुंबळ

संक्रांत जवळ आली की आमच्या ओट्यावर तिळाचं कूट सुरू होतं, आणि दरवर्षी त्याच सुमाराला माझी मुलगी मिक्सरखालच्या गादीवरून माझ्याशी भांडते. गादी म्हणजे झोपायची नव्हे. पोळपाटाएवढी, चौकोनी, काळ्या रबराची आणि दोन्ही हातांनी उचलावी लागेल इतकी जड अशी ती वस्तू आहे. एका कोपऱ्यावरचं रबर फाटलंय, तिथून आतले थर दिसतात. रबर, पोलादाचा पत्रा, पुन्हा रबर, पुन्हा पत्रा. चकचकीत ओट्यावर ती शोभत नाही हे मलाही दिसतं. पण तिच्यावरचा मिक्सर कितीही किंचाळला तरी शेजारच्या बरण्या वाजत नाहीत, म्हणून ठेवलीय, असं मी मुलीला सांगते. खरं कारण लांबलचक आहे आणि ते ऐकायला तिला कधी वेळ नसतो. यंदा मात्र तिनेच विचारलं. मध्यंतरी सकाळी सकाळी परभणीत भूकंपाचा हलका धक्का बसला. ती तेव्हा माहेरी आली होती. सगळं घर खडखडलं तरी मिक्सर जागचा हलला नाही, असं तिचं म्हणणं. तो हललाच असणार. पण मी तिला खोडून काढलं नाही, कारण मला सांगायला निमित्त हवं होतं.

तुझा जन्म ज्या हिवाळ्यात झाला, तो हिवाळा या गादीचा आहे, मी तिला म्हटलं. किल्लारीच्या भूकंपानंतरचा हिवाळा. तो आठवला की मला आधी वास येतो. ओल्या ताडपत्रीचा, शेणाच्या गोवऱ्यांच्या धुराचा आणि फार जुन्या, कोरड्या मातीचा. मग हाताला गारवा लागतो. आमच्याकडे जमीन दिवसा तापते आणि सूर्य कलला की माठासारखी गार पडते. त्या गार जमिनीवर वाकळ टाकून माझी माय महिनोन् महिने अंगणात झोपत होती, आणि सातवा महिना संपत आलेली मी तिच्या शेजारी.

भूकंप झाला तेव्हा मी परभणीत सासरी होते. अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून सगळे गाढ झोपलेले, आणि पहाटे फडताळातली भांडी आपोआप वाजू लागली. आम्ही रस्त्यावर आलो. आमचं एवढ्यावर निभावलं. तिकडे लातूर-उस्मानाबादेत गावंच्या गावं आपल्याच घरांखाली गेली, हे दिवस उजाडल्यावर रेडिओने सांगितलं. दगडाच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं होती. आमच्या मायचं घरही तसंच होतं.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातल्या बोरीपासून जवळच. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तेव्हा तसली गावं पुष्कळ होती. गावाला लागून आमचा बौद्धवाडा, त्यात तीन खणांचं मायचं घर. त्या पहाटे मागची भिंत पोट सुटल्यासारखी फुगली, आणि तुळयांवरच्या फळ्यांतून माळवदाची माती धारेने खाली आली. माय उठून दारापर्यंत पोचली तेव्हा तिच्या केसांत, कानांत माती होती. दगडावर उभे असलेले सागवानी खांब डुलले पण पडले नाहीत, म्हणून माय राहिली. वडील तर आधीच गेलेले. त्या खांबांचे मी आजही आभार मानते.

चार-आठ दिवस अख्खा मराठवाडाच अंगणात झोपला. मग पाऊस आला, विंचू निघाले, लोकांना आपापल्या घराची आठवण झाली आणि एकेक जण आत गेला. माय गेली नाही. चूल तिने बाहेर मांडली, उतरंड बाहेर काढली, कोंबड्यांनासुद्धा आत जाऊ देईना. आतून काही आणायचं झालंच तर उंबऱ्यात थांबून आधी वर बघायची, मग पळत जाऊन पळत यायची. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे दिवाळी झाल्यावर मी तिथे दाखल झाले तर माझी सोयही ताडपत्रीखाली.

"आत न्हाई यायची म्या," माय म्हणाली. "आन् तू बी न्हाई जायचंस."

"मग बाळंतपण काय अंगनात करायचं का? पौषाच्या थंडीत?"

"तुला म्या कापसाच्या रानात जल्म दिला. मेलीस का?"

परत परभणीला जाते म्हटलं तर तिथे आमची भाड्याची एक खोली, पाण्याची बोंब आणि बघायला बाईमाणूस नाही. माय तिकडे येईना, कारण तिथेही डोक्यावर छतच होतं. एवढीशी गोष्ट होती. माझं बाळ कुठे जन्मणार, आणि माय पुन्हा कधी छपराखाली येणार की नाही. पण त्या हिवाळ्यात आम्हाला दुसरं काही सुचत नव्हतं.

माय भित्री नव्हती, हे सांगायला हवं. ती भ्यायची ते तिच्या स्वतःच्या मेहनतीला. त्याचं असं झालं, की अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचं निघालं तेव्हा आमच्या घरावर गवताचं छप्पर होतं. नाव बदलायला विरोध करणाऱ्यांनी आमच्या वाड्याला आग लावली. मी शाळकरी होते. छप्पर जळताना आधी तडतड असा आवाज होतो आणि मग आवाजच होत नाही, एवढं माझ्या लक्षात आहे. आम्ही चौघं ज्वारीच्या रानात बसून बघत होतो. परत आलो तेव्हा भिंती होत्या आणि वर आभाळ. त्या वर्षी मायने ठरवलं, की पुन्हा गवताखाली राहायचं नाही. माती जळत नाही. वडिलांनी कुठून कुठून लाकूड जमवलं, तुळया टाकल्या, फळ्या अंथरल्या, आणि मायने पडक्या गढीची पांढरी माती डोक्यावरून वाहून माळवद केलं.

माळवदाला दोन-तीन वर्षांनी वरून मातीचा हात द्यावा लागतो, नाही तर पावसाळ्यात गळतं. गावात तशीच रीत. माय मात्र दरसाल वैशाखात माती टाकायची. शेजारणी हसायच्या. कौसाबाईचं माळवद आभाळाला टेकणार, म्हणायच्या. जेव्हा जेव्हा नामांतराची बातमी आली, मोर्चा निघाला, कुठे काही घडल्याचं कानावर आलं, की त्या वैशाखात मायची टोपली वाढायची. जाड माती म्हणजे सुरक्षित घर, हे तिच्या मनाने घेतलं होतं. असं तिने पंधरा वर्षं केलं, आणि त्या मातीने एका पहाटे तिच्या कानात शिरून तिला उठवलं. जे आपण जिवापाड जपून वर चढवलं, तेच मारायला उतरलं, हे तिला पचत नव्हतं. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

माझा भाऊ, त्याला मी दादा म्हणते, तेव्हा पाटबंधारे खात्यात नवा अभियंता होता. औरंगाबादला शिकलेला. त्याच्या पदवीवर विद्यापीठाचं जुनंच नाव आहे, त्यावरून आम्ही त्याला चिडवायचो. एका रविवारी तो मोटारसायकलला पोतं बांधून आला. पोत्यातून ही गादी निघाली. कुठल्याशा पुलाच्या कामावर फाटली म्हणून बाजूला पडली होती, ती मागून आणलेली. पुलाचा वरचा भाग आणि खालचे खांब यांच्यामध्ये अशा गाद्या घालतात, त्याने सांगितलं. भूकंपाच्या देशांत तर अख्ख्या इमारती अशा गाद्यांवर उभ्या करतात. मायने ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि पाट्याखाली सरकवली, म्हणजे वाटताना पाटा सरकणार नाही. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"माय, ती पाट्याची न्हाई. घराची हाय."

"घराला गादी? घर काय झोपतंय?"

दादाने मग विहिरीवरून घागर घेऊन येणाऱ्या एका बाईकडे बोट दाखवलं. "तू डोक्यावर घागर घेऊन चालतीस तेव्हा हलतंय काय?"

"पाय हलतेत."

"आन् घागर?"

"घागर कामून हलंल? चुंबळ हाय की खाली."

"तेच सांगायलोय. भूकंपात जमीन तुझ्या पायासारखी हलती. घर म्हणजे वरची घागर. आपलं घर जमिनीला घट्ट धरून बसतंय, म्हणून जमीन निघाली की भिंती तिच्यामागं ओढल्या जातेत आन् फाटतेत. मधी चुंबळ घातली की खालची जमीन खाली हलती, वरचं घर आपलं निवांत डुलतं. हे रबर हाय ना, ते आडवं सरकू देतंय. आतले पत्रे त्याला दबू देत न्हाईत."

मायने पाट्याखालून गादी काढली. चुंबळ म्हटल्यावर तिचं लक्ष लागलं. जन्मभर तिने जुन्या लुगड्याची चिंधी पिळून चुंबळी वळल्या होत्या, तिच्या टाळूवरचे केस त्यानेच विरळ झाले होते. तिने गादीवर तळहात ठेवून पुढेमागे रेटून पाहिली. "निस्त्या चुंबळीनं भागत न्हाई," ती म्हणाली. "मान बी पायजे. मान ताठ धरली की सांडतंय. आन् घागर अर्धी असली तर निंबाचा डहाळा टाकावा लागतोय, न्हाई तर हिंदकळती."

दादा खूश होऊन मांडी घालूनच बसला. काही गाद्यांच्या पोटात शिशाचं कांडं घालतात, म्हणाला, घर एकदा डुलायला लागलं की डुलतच राहू नये, ते डुलणं जिरावं म्हणून. तेच तुझा निंबाचा डहाळा. कॉलेजात त्याला हे शिकवायला मास्तरांनी फळा भरून गणितं लिहिली होती. मी ताडपत्रीत पाय पसरून बसले होते, हातात पेरू होता, आणि त्या दोघांकडे बघत होते. पुष्कळ दिवसांनी मायने कशात तरी डोकं घातलं होतं. मला तेवढंच खूप वाटलं.

मग मायने जे विचारायचं तेच विचारलं. "तर घाल की आपल्या घराखाली. किती लागतेत असल्या?"

दादाला गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण त्याने तसं केलं नाही, आणि या गोष्टीसाठी मी त्याला मानते. "आपल्या घराखाली न्हाई घालता येत, माय," तो म्हणाला. "ते नवीन बांधतानाच करावं लागतंय. खाली पक्का पाया, वर सगळ्या भिंती एकजीव. आपली दगडमातीची भिंत उचलाया गेलो तर हातात येईल. पर दुसरं एक करता येतं. चुंबळ न्हाई, तर डोक्यावरचं ओझं कमी करता येतंय. माळवदाची माती काढू. वीतभर ठिवू, बाकी सगळी खाली. मागची भिंत उतरून नव्यानं बांधू."

"जड घर हलत न्हाई," माय म्हणाली.

"तेच चुकतंय सगळ्यांचं. डोक्यावर दोन घागरी असल्या तर मानेला जास्त ओढ बसती का कमी?"

अंधारून आलं होतं, चुलीत फुंकर घालता घालता माय म्हणाली, "आन् माती काढली आन् पुन्हा कोनी काडी लावली तर?"

त्या हिवाळ्यात नामांतराचं पुन्हा जोरात सुरू होतं, यंदा होणारच असं सगळे म्हणत होते. आनंदाची बातमी येणार म्हणून वाड्यातल्या बाया पाण्याचे हंडे भरून ठेवत होत्या. असं आमचं ते घर, वरून आग आणि खालून भूकंप यांच्यामध्ये उभं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गयाबाई आली. गयाबाई गावातली, मोठ्या शेतकऱ्याच्या घरची सून. तिचं माहेर गरिबीचं, म्हणून सासरच्या रानात ती बायांबरोबर स्वतः कापूस वेचायची. ती आणि माय एकाच तासात, म्हणजे ओळीत, वेचायच्या, एका झाडाखाली भाकरी सोडायच्या, अर्थात थोडं अंतर ठेवून. अठ्ठ्याहत्तर सालानंतर माय तिच्याशी बोलली नव्हती. गयाबाईने आमचं काही वाईट केलं नव्हतं. तिने काहीच केलं नव्हतं. मायचा राग त्याचाच होता.

ती आमच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली. मागे रस्त्यावर तिची बैलगाडी. पूर्वी ती मायला कौसे म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "कौसाबाय, तुमी माळवद हलकं करायलात म्हनं."

मायने मान वर केली नाही. "ज्याला त्याला खबर लागली का?"

"माती टाकून देनार का? न्हाई म्हनलं, आमचं नदीकडचं रान लय उतरलंय. पांढरीच्या मातीनं रान धरतंय. देता का मला?"

मी आत्ता हे लिहितानाही थांबले. मदतीला आले, असं ती म्हणाली असती तर मायने तिला परत पाठवलं असतं. पण ती मागायला आली होती. गावातल्या घराने आमच्या दारात येऊन, आमच्या डोक्यावरची माती आपल्या रानाला मागितली. आमच्याकडे घरावरची माती उतरवणं अशुभ. वंश बुडाला, घर उठलं, की मगच माळवद मोडतात. आता ते मोडणं उरलं नव्हतं. ते कुणाला तरी देणं झालं. मायने हातातलं ज्वारीचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "गाडी आत घे."

सुट्टी काढून आलेला दादा कुदळीने मोकळं करायचा आणि बाया टोपल्या भरून शिडीवरून खाली आणायच्या. गयाबाईने पदराचीच गुंडाळी करून डोक्यावर ठेवली होती, ती सारखी सुटत होती. मायने घरात न जाता बाहेरूनच हात घालून एक जुनं लुगडं ओढलं, टर्रकन फाडलं आणि तिला चुंबळ वळून दिली. दिली म्हणजे तिच्या हातात दिली. तोवर त्या दोघी एकमेकींच्या हातात काही देत नसत.

माळवद खणताना पनाळीपाशी त्याचे थर दिसत होते. एकेका वैशाखाची एकेक रेघ. एका रेघेत चुनखडी जास्त, ती मी दहावी झाले त्या सालाची. एकीत बांगडीचा हिरवा तुकडा निघाला. गुडघ्यापेक्षा वर माती होती, दादाने स्वतः खणून पाहीपर्यंत त्यालाही खरं वाटलं नव्हतं. शेवटी वीतभर उरली तेव्हा खालचा थर काळा लागला. मायने पहिल्या वर्षी जळक्या छपराची राख टाकून दिली नव्हती, मातीत कालवून तळाला अंथरली होती. गयाबाईने त्यातली चिमूट बोटांत घेतली, चोळली आणि शिडीच्या टोकाशीच बसून राहिली.

"कौसाबाय," ती म्हणाली, "त्या रोजी म्या दार लावून घेतलं व्हतं."

माय खाली उभी होती. "मालूम हाय," ती म्हणाली. "उचल टोपलं. ते काळं राहू दे, ते घराचं हाय."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या कुणी यावर भाषण केलं असतं. गाड्या भरून माती गेली, दादाने उरलेल्या वीतभर मातीवर चोपून पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला, मागची भिंत गवंड्याकडून नवी करून घेतली. घर हलकं झालं. आत उजेडही जास्त पडल्यासारखा वाटायचा, का ते मला माहीत नाही. तरीही माय आत येईना. उंबऱ्यात थांबायची, वर बघायची, आणि परत फिरायची. आता तिला भूकंपाची भीती कमी आणि आगीची जास्त वाटत होती. वीतभर माती किती वेळ थोपवणार, असं ती पुटपुटायची.

संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, जुन्या नावाला नवं जोडलं गेलं. सकाळी रेडिओवर ऐकलं. आमच्या वाड्यात कुणीतरी निळा झेंडा काढला, कुणीतरी रडायला लागलं. माय रडलीही नाही आणि हसलीही नाही. "झालं का खरंच?" असं तिने मला दोनदा विचारलं आणि हंडे मोजायला गेली. दादा कामावर अडकला होता. माझे दिवस भरत आले होते, पळायची वेळ आली तर पळता येणार नव्हतं. मी अंगणात बाजेवर बसून गावाकडच्या रस्त्याकडे बघत होते.

त्या रस्त्याने गयाबाई आली. काखेत सूप, सुपात थोड्या तुरी. आमच्या उंबऱ्यावर बसली आणि तुरी निवडू लागली.

"काय काम काढलंस?" मायने विचारलं.

"काम न्हाई. बसले."

तेवढ्याशा तुरी निवडायला दिवस लागत नाही. तिने दिवस लावला. एकदा निवडून झाल्या की सुपात कालवायची आणि पुन्हा निवडायची. दुपारी तिचा पुतण्या बोलवायला आला, तर "येते म्हनावं" म्हणून त्याला परत पाठवलं. रस्त्याने गावातली माणसं जायची, आमच्या दाराकडे बघायची, दारात बसलेली गयाबाई बघायची आणि पुढे जायची. मायने तिला भाकरी दिली, पिठलं दिलं. तिने आमच्या ताटात, आमच्या उंबऱ्यावर बसून खाल्लं, आणि मी तिळगूळ दिला तो तोंडात टाकला. त्या दिवशीही तिने काही केलं नाही. नुसती बसली. दिवेलागणीला सूप उचललं आणि गेली. आमच्या गावात त्या संक्रांतीला काहीच घडलं नाही. असं काहीच न घडल्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

ती गेल्यावर माय उठली, बाजेचं एक टोक तिने धरलं, दुसरं मला धरू देईना म्हणून शेजारणीला हाक मारली, आणि बाज घरात नेली. उंबऱ्यात थांबून वर बघितलं खरं, पण गेली. मग अंगणात येऊन पुन्हा पाट्याखाली गेलेली गादी काढून घेऊन गेली. थोड्या वेळाने मी आत जाऊन पाहते तर बाजेच्या डोक्याकडच्या एका पायाखाली दादाची गादी, आणि उरलेल्या तिन्ही पायांखाली लुगड्याच्या जाडजूड चुंबळी. उंची सारखी यावी म्हणून तिने त्या पुन्हा पुन्हा सोडून वळल्या होत्या. दादा दुसऱ्या दिवशी आला, बाज बघितली आणि हसत सुटला. याने काही होत नाही माय, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. मग खाली बसला, एक चुंबळ सैल झाली होती ती घट्ट करून परत नीट सरकवली, आणि उठला.

त्याच बाजेवर तू झालीस, मी मुलीला सांगितलं. बोरीहून नर्सबाई आल्या होत्या. ही बाज डुलतीय का माझं डोकं, असं त्यांनी दोनदा विचारलं. माय म्हणाली, "डुलू द्या, फाटनार न्हाई."

दादा आता निवृत्त झालाय. कुठे गाद्यांवर उभा केलेला दवाखाना दिसला, पूल दिसला की तो मला फोटो पाठवतो. भूकंपानंतर नवं गाव वसवताना किल्लारीतही एक-दोन इमारती तशा केल्या, हे त्याने तेव्हाच मायला येऊन सांगितलं होतं. मायने विचारलं होतं, चुंबळी चांगल्या वळल्यात का. फोटोंतल्या इमारतींच्या तळघरात रांगेने काळ्या गाद्या बसलेल्या असतात आणि वर माणसं निर्धास्त वावरत असतात. त्यांना खाली काय आहे याचा पत्ताही नसतो. चांगल्या चुंबळीचं असंच असतं, घागर घेऊन चालणाऱ्या बाईला तिची आठवण राहत नाही. माझ्याखालीही चुंबळीसारखी किती माणसं होती, हे मला त्या हिवाळ्याने दाखवलं, म्हणून मी ती ओबडधोबड वस्तू ओट्यावरून हलवू देत नाही. मुलीने हे ऐकलं आणि मिक्सर पुसून परत तिच्यावर ठेवला.

एक सांगायचं राहिलं. पुढच्या हिवाळ्यात गयाबाईने हुरड्याला बोलावणं पाठवलं नाही. ती स्वतःच हुरड्याची कणसं घेऊन आमच्या अंगणात आली. नदीकडच्या त्या रानातली, जिथे आमची माती पडली होती. दाणा टपोरा होता. मायने अंगणात गोवऱ्या पेटवल्या, कणसं भाजली आणि तळहातावर चोळून फुंकर मारली. वर्षाची होत आलेली माझी मुलगी मांडीवर होती. तिला मायने एक मऊ दाणा बोटाने चेचून भरवला. "खा," म्हणाली, "आपलं माळवद हाय."

गयाबाई हसली. आम्ही सगळ्या खात बसलो. निखारे विझत आले, जमीन गार पडू लागली. माय उठली, पोरीला काखेत घेतलं आणि म्हणाली, "चला आता आत. गार पडायलंय."

मी मागून बघत होते. उंबरा ओलांडताना तिने वर बघितलं नाही.